भाऊजी थांबायला शिकले

माझी नोकरी बुटांच्या खिडकीत. आमच्या बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, येणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्यापुढे उभं राहावं लागतं. तो आपले बूट काढून देतो, मी त्याला पात्यांचे बूट देते, म्हणजे स्केट्स. उरलेल्या वेळात मी स्केट्सना धार लावते. स्केटचं पातं लांबून एकसंध दिसतं, पण त्याच्या मधोमध बारीक खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडांना दोन धारा, एक आतली आणि एक बाहेरची. माणूस कुठल्या धारेवर भार टाकतो, टाचेवर बसतो की चवड्यावर, पाय उचलतो की फरफटवतो, हे मला पातं हातात घेतलं की कळतं. माणसं मला तोंडापेक्षा पात्यांवरून जास्त ओळखू येतात. असं असताना माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा माझ्या नाकासमोर मला कितीतरी आठवडे गंडवत होता, हे सांगताना मला अजूनही राग येतो.

भाऊजी याच रिंकवर बर्फाची गाडी चालवतात. खेळणाऱ्यांच्या पात्यांनी बर्फावर ओरखडे पडतात, खळगे होतात, भुसा साचतो. मग सगळ्यांना बाहेर काढायचं आणि भाऊजींनी गाडी आत घालायची. गाडी पुढून बर्फाचा वरचा पापुद्रा खरवडून घेते, ओरखडे धुते आणि मागून ओल्या फडक्याने गरम पाणी पसरत जाते. गरम का, असं मी नवीन असताना विचारलं होतं. भाऊजी म्हणाले, "गार पाणी ओतलं तर ते वरच्यावर गोठतं. खालच्या बर्फाशी त्याची ओळखच होत नाही. गरम पाणी आधी खालच्याला थोडं वितळवतं, मग दोघं मिळून गोठतात." एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस बर्फाबद्दल विचारलं की असा भरभरून बोलायचा.

त्यांचं सगळंच गुळगुळीत. चादरीवर एक सुरकुती दिसली तर उठून नीट करतील, मग झोपतील. दह्याचं भांडं उघडलं तर चमचा मधे घालायचा नाही, कडेने हळूच घ्यायचं, म्हणजे वरची साय मोडत नाही. कोणी मधेच चमचा खुपसला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ताई म्हणते, "मी लग्न माणसाशी केलं की रंधा मारणाऱ्या सुताराशी, हेच मला कळत नाही." आणि इतकी वर्षं बर्फाशी संसार करून भाऊजी स्वतः कधी स्केट्स घालून त्याच्यावर उभे राहिले नव्हते. रबरी तळाचे बूट आणि गाडी, एवढाच त्यांचा बर्फाशी संबंध. मला याचं नवल वाटायचं, पण कधी विचारलं नाही. दवाखान्यातला स्वयंपाकी कुठे दवाखान्यात भरती होतो, असं मनाशी म्हणायचे आणि गप्प बसायचे.

हे सगळं बिघडवलं भिंगरीने. भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. एका जागी उभी राहायची नाही म्हणून पाळण्यातलं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं. आइस हॉकी खेळते, बचावाच्या फळीत, आणि समोरून दांडगी पोरं आली तरी तिथून हलत नाही. आमच्याकडे हंगाम संपताना एक मॅच होते, पोरं विरुद्ध आईबाप. कोणाची आई धापा टाकत, कोणाचा बाप भेलकांडत, असे सगळे खेळतात आणि पोरं त्यांना यथेच्छ धुतात. वर्षभर सगळे त्या मॅचची वाट बघतात. भाऊजी दर वर्षी त्या मॅचला हजर असायचे, पण गाडीवर. मधल्या सुट्टीत बर्फ करून द्यायचा आणि बाकीचा वेळ गाडीच्या सीटवर बसून बघायचं. शिवाय घरी गेल्यावर पोरीला सांगायचं की तुझा डावा पाय उशिरा येतो.

एका संध्याकाळी ताईकडे आम्ही सगळे जेवत होतो, तेव्हा भिंगरी म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं तू उंटावरून शेळ्या हाकल्यास. आता हे माझं शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात मी शिकायला जाणार, परत येईन तेव्हा पोरांच्या संघात मला कोण घेणार? एकदा तरी खाली उतर ना."

ताईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ती दवाखान्यात रक्त तपासते, त्यामुळे कोणाच्या अंगात काय कमी आहे ते तिला लगेच कळतं. ती म्हणाली, "या वयात हाड मोडलं तर लवकर जुळत नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

भाऊजींनी ताटातला भात कडेने नीट सारखा केला. पण त्याच आठवड्यात ते माझ्या खिडकीशी आले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "माझ्या मापाचे आहेत का गं?"

मोठ्यांचा शिकाऊ वर्ग शनिवारी सकाळी असतो. शिकवायला कोचबाई. बुटकी, जाड आवाजाची बाई, एके काळी स्वतः मोठ्या संघातून खेळलेली. तिने पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकला. "आईबापांच्या मॅचला ज्याला उतरायचंय त्याला दोन्ही बाजूंनी थांबता आलं पाहिजे. डावीकडून आणि उजवीकडून. गोल करता नाही आला तरी चालेल. पण ज्याला थांबता येत नाही तो पोरांच्या अंगावर जाऊन पडतो, आणि ते मी होऊ देणार नाही." ती हे सगळ्यांना उद्देशून म्हणाली होती. थांबणं म्हणजे काय मोठं, असं त्या दिवशी सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

माझी खिडकी एका बाजूने दरवाज्याकडे उघडते आणि दुसऱ्या बाजूने थेट बर्फाकडे, त्यामुळे मला फुकटात सगळा तमाशा दिसतो. पहिला धडा पडण्याचा. "आधी पडा," कोचबाई म्हणाली, "म्हणजे पडायची भीती जाईल." पडायचं ते कुल्ल्यावर, एका अंगाला, आणि पडल्यावर हाताच्या मुठी आवळायच्या, कारण मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जाऊ शकतं. वर्गात एक दातांचे डॉक्टर होते. ते इतक्या सावकाश खाली बसले की त्याला पडणं म्हणावं की बसणं, हा प्रश्नच होता. भाऊजी मात्र छान पडले. पण उठेचनात. गाल बर्फाला लावून तसेच पडून राहिले. कोचबाई घाबरून जवळ गेली.

"लागलं का कुठे?"

"नाही," भाऊजी पडल्या पडल्या म्हणाले. "त्या कोपऱ्यात खळगा राहिलाय. गाडीवरून दिसत नाही, असं आडवं झाल्यावर दिसतो."

"उठा आधी!"

मी खिडकीत पोट धरून हसले. पण खरं सांगायचं तर मला त्या दिवसापासून चटक लागली. शनिवारची सकाळ झाली की मी धारेचं चाक बंद ठेवायची आणि बघत बसायची. उभं कसं राहायचं ते त्यांना शिकवलं: गुडघे वाकवून, खुर्चीवर बसता बसता कोणी खुर्ची ओढून घेतल्यासारखं. हातातल्या हॉकीच्या काठीचं टोक सतत बर्फावर टेकलेलं. पुढे जायचं तर पाय उचलून चालायचं नाही, तिरका रेटा द्यायचा. मान वर, कारण खाली बघणाऱ्याला समोरचा उडवून देतो. हॉकीतल्या त्या काळ्या रबरी चकतीला पक म्हणतात. ती खेळायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवतात, नाहीतर बर्फावर टपटप उसळते. तो फ्रीज माझ्याच खिडकीमागे आहे. वर्षानुवर्षं मी त्या चकत्यांशेजारी माझा डबा ठेवत आले, पण त्या गार का ठेवतात हे मला या वर्गाला बघूनच कळलं.

पकच्या बाबतीत भाऊजींचा हात चांगला होता. दुसऱ्याने पाठवलेला पक काठीवर घेताना काठी किंचित मागे न्यावी लागते, अंडं झेलावं तशी. नाहीतर टक्कन आपटून तो निघून जातो. बँकेतली एक बाई होती तिला ते जमेना, डॉक्टरांना जमेना, पण भाऊजींनी पहिल्या खेपेलाच पक असा अलगद घेतला की कोचबाई म्हणाली, "बघा, असं." भिंगरी कठड्यावर कोपरं टेकून बघत होती. तिने मला खिडकीतून अंगठा दाखवला.

मग थांबायचा धडा आला आणि गाडी अडली.

थांबायचं म्हणजे चालत्या पायाचं पातं आडवं करायचं आणि दाबायचं. पातं बर्फाला खरवडतं, पांढरा भुसा उडतो, आणि माणूस थांबतो. बस, एवढंच. "खरवडा!" कोचबाई ओरडायची. "आवाज आला पाहिजे! भुसा उडाला पाहिजे!" सुरुवातीला सगळेच आपटले. नंतर एकेकाला साधत गेलं. बँकेतली बाई थांबायला लागली. दातांचे डॉक्टर तर असे खर्रकन थांबायचे की आपणच चकित होऊन इकडे तिकडे बघायचे. भाऊजी मात्र दर वेळी पाय आडवा करायचे, अगदी सांगितल्यासारखा, आणि तसेच आडव्या पायाने सरकत, सरकत, शांत चेहऱ्याने कठड्यावर जाऊन धडकायचे. आवाज व्हायचा तो त्यांच्या खांद्याचा. बर्फाचा आवाज काही यायचा नाही.

मला गंमत वाटली, मग कुतूहल, मग काळजी. कारण शुक्रवारी मी स्वतः त्यांच्या स्केट्सना धार लावून देत होते, आणि वर्ग संपल्यावर पाती बघावीत तर बोथट. साधी बोथट नाही, पार मेलेली. धार आहे की नाही हे बघायला मी पात्यावरून नख हलकेच ओढते. धार असली की नखाचा बारीकसा कीस निघतो. भाऊजींच्या पात्यावर नख असं सरकलं जसं काचेवर. एका सकाळच्या खेळाने असं होत नाही. लहान पोरं सिमेंटवरून चालत जातात तेव्हासुद्धा होत नाही.

मी आधी स्वतःला दोष दिला. माझं चाक बिघडलं असेल म्हणून ते बदललं. मग पात्याचं लोखंडच वाईट असेल म्हणून त्यांना दुसरी जोडी दिली. तिचंही तेच. मग मला वाटलं, हे पात्यांवर प्लॅस्टिकची टोपणं न घालता बाहेर फिरतात. टोपणं घाला म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. भाऊजींनी मुकाट्याने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, आणि टोपणं घातली. पुढच्या शनिवारी पाती पुन्हा बोथट. घरी मी ताईला विचारलं, "भाऊजींचं वजन वाढलंय का?" ती म्हणाली, "वजन नाही, विचित्रपणा वाढलाय. हल्ली शनिवारी पहाटे उठून रिंकवर जातात. म्हणतात, बर्फ बघायचाय."

तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुढच्या शनिवारी मी लवकर गेले. रिंकच्या मागे गाडीची खोली आहे, तिथे गरम पाण्याचे नळ, बादल्या, झाडू, सगळं. दार लोटलेलं होतं. आत भाऊजी एका पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर स्केट, हातात धार लावायचा माझाच दगड, जो मी दोन महिने शोधत होते. आणि ते पात्याच्या कडेवरून दगड फिरवत होते, इतक्या मन लावून की मी येऊन उभी राहिले तरी त्यांना पत्ता नाही. मी आदल्या दिवशी घासून घासून आणलेली धार ते गोल करत होते. दोन्ही बाजूंची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी चाक बदललं, लोखंडाला शिव्या घातल्या, आणि चोर इथे बादलीवर.

"भाऊजी!"

ते दचकले. दगड मागे लपवायला गेले, मग लक्षात आलं की उपयोग नाही.

"हे काय चाललंय? तुम्हाला कळतंय का, धारेशिवाय कोणाचा बापसुद्धा थांबू शकणार नाही ते?"

"कळतं की."

"मग?"

बराच वेळ ते स्केटच्या नाड्या गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "हसू नकोस."

"हसत नाहीये, चिडलेय मी."

"पाय आडवा केला आणि दाबायची वेळ आली की मला बर्फ दिसतो. मी सकाळी केलेला. पोरं खरवडतात त्याचं मला काही नाही, त्यासाठीच तर करतो. पण माझ्याच पायाने... पाय दाबतच नाही गं. मी सांगतो दाब, आणि तो ऐकत नाही. तरी पहिल्या दिवशी थोडा लागलाच. एक ओरखडा पडला, वीतभर. मी रात्री जेवताना तोच बघत होतो समोर. मग म्हटलं, धारच नसली तर निदान..."

"निदान काय? कठड्याला तरी दया येईल?"

यावर ते हसले, पण डोळे काही हसले नाहीत. मला एकदम त्यांची कणव आली आणि त्याचाही राग आला. मी दगड काढून घेतला, स्केट्स काढून घेतल्या, खिडकीत जाऊन पुन्हा धार लावली आणि त्यांच्यापुढे आपटल्या. "आता जा," म्हटलं. "आणि दाबा."

माझा शहाणपणा नडला. धार चांगली असली की रेटाही चांगला बसतो. त्या दिवशी भाऊजी पूर्वी कधी गेले नव्हते इतक्या वेगाने गेले, पाय आडवा केला, दाबला नाही, आणि कठड्यावर असे आदळले की वरच्या काचा थरथरल्या. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. मी खिडकीतून धावत बाहेर आले. कोचबाई आधीच पोचली होती. तिने त्यांना उठवलं, खांदा चाचपला आणि शांतपणे म्हणाली, "पुढच्या रविवारी मॅच आहे. सकाळी मी सगळ्यांचं थांबणं बघणार. तुम्हाला जमलं तर तुम्ही खेळाल. नाहीतर मला वाईट वाटेल, पण तुम्ही गाडीवर."

"मी गाडीवरच बरा," भाऊजी म्हणाले.

हे भिंगरीने ऐकलं. ती बाहेरच्या बाकावर बसून स्वतःच्या स्केट्स बांधत होती. बांधलेली नाडी सोडून ती पुन्हा बांधायला लागली. आठवडाभर घरात तिने त्या मॅचचं नाव काढलं नाही. ताईने मला सांगितलं, पोरगी जाण्याची बॅग आत्तापासूनच भरायला लागलीय, उन्हाळा लांब आहे तरी. भाऊजी तिच्या खोलीवरून जाताना पाय वाजवायचे नाहीत.

मी काय करू शकणार होते? बादलीवरची गोष्ट भिंगरीला सांगितली. सांगावं की नाही याचा मी विचार केला नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे बाबाला कठड्यावर आपटलेलं चालतं, पण बर्फाला लागलेलं चालत नाही?"

"तसंच दिसतंय."

"खांदा मोडला तरी चालेल?"

"त्यांच्या हिशेबात खांदा आपला आहे आणि बर्फ सगळ्यांचा."

"बरं," ती म्हणाली. अगदी बापासारखं म्हणाली.

रविवारी सकाळी भाऊजींनी नेहमीसारखा बर्फ केला. मुद्दाम बघायला गेले मी. ओला बर्फ हळूहळू गोठत गेला आणि वरचे दिवे त्यात जसेच्या तसे दिसायला लागले. त्या बर्फाचं मलासुद्धा वाईट वाटलं, मग त्यांना काय वाटत असेल? मग ते गाडीवरून उतरले, खोलीत गेले आणि हेल्मेट, जर्सी, सगळं घालून बाहेर आले. येतील याची मला खात्री नव्हती. ताई वरच्या बाकावर बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

कोचबाईने बर्फावरच्या रंगीत रेघेवर लाल शंकू मांडले. लांबून यायचं आणि शंकूंच्या आधी थांबायचं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. बँकेतली बाई थांबली. डॉक्टर थांबले, दोन्हीकडून, आणि वर एक गिरकी मारायला गेले तेव्हा पडले. मग भाऊजी आले. वेग चांगला, गुडघे वाकलेले, मान वर, सगळं शिकवलेलं जिथल्या तिथे. पाय आडवा केला, आणि शंकूंमधून आरपार निघून गेले. शंकू चारी दिशांना. कोणीतरी हसलं. मी त्या हसणाऱ्याकडे असं बघितलं की त्याने तोंड मिटलं.

दुसऱ्यांदाही तेच झालं.

"अजून एकदाच," कोचबाई म्हणाली. तिचा जाड आवाज खाली आला होता. भाऊजी लांबच्या टोकाला काठीवर ओणवे होऊन उभे होते. मला माहीत होतं, ते मनात गाडीवर जाऊन बसलेसुद्धा होते.

तेवढ्यात भिंगरी कठड्यावरून उडी मारून आत आली. पुरी तयार, मॅचच्या कपड्यांत. काठीने उरलेले शंकू बाजूला ढकलले आणि त्या रेघेवर स्वतः उभी राहिली, बापाकडे तोंड करून.

"बाबा, ये," ती ओरडली. "मी हलणार नाही."

"बाजूला हो!" भाऊजींचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "वेडी आहेस का? लागेल तुला!"

"मग थांब."

"अगं मला नाही थांबता येत!"

"ते तुझं तू बघ. मी हलणार नाही म्हटलं ना."

ताई उभी राहिली. कोचबाईने शिट्टी तोंडापर्यंत नेली, पण वाजवली नाही. भिंगरीने काठी खाली टाकली आणि दोन्ही हात मागे बांधले. ती हलणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. याच गोष्टीसाठी तर तिला संघात घेतलेलं होतं.

भाऊजी निघाले. सावकाश निघाले असते तर चाललं असतं का? नाही, कोचबाईने ते मान्य केलं नसतं, आणि त्यांनीही लबाडी केली नाही. नेहमीच्याच वेगाने आले. त्यांचं तोंड उघडं होतं. रेघ जवळ आली, पाय आडवा झाला, आणि मग तो आवाज आला, ज्याची आम्ही इतके शनिवार वाट बघत होतो. लांब, कोरडा, खर्रर्र. पांढरा भुसा कमरेएवढा उडाला आणि भिंगरीच्या गुडघ्यांवर, मोज्यांवर, जर्सीवर जाऊन बसला. भाऊजी तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. उभे! मला वाटतं मी किंचाळले.

त्यांनी खाली ओरखड्याकडे बघितलंच नाही. आधी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग वाकून तिच्या गुडघ्यांवरचा भुसा झटकायला लागले, ती लहान असताना माती झटकायचे तसे.

"राहू दे ना, बाबा," ती म्हणाली. "राहू दे. किती दिवसांनी उडवलास तो."

"डावी झाली," कोचबाई घसा साफ करत म्हणाली. "उजवी बाकी आहे."

भाऊजी मान हलवून लांबच्या टोकाकडे परत गेले. भिंगरी रेघेवर तशीच उभी राहिली, पुन्हा हात मागे. भाऊजी वळले, तिला बघितलं, आणि काठी वर करून म्हणाले, "तू हो बाजूला."

"का?"

"हो गं. कठड्याशी जाऊन उभी राहा."

"आणि नाही थांबलास तर?"

"तर आदळीन. पण तू काय जन्मभर माझ्यासमोर येऊन उभी राहणार आहेस? तू जाणार. मला तू नसताना थांबता यायला हवं."

भिंगरी जागची हलेना. मग हळूच मागे सरकत कठड्यापर्यंत गेली. रेघेवर आता कोणी नव्हतं, शंकूसुद्धा नाही, नुसता त्यांनीच सकाळी केलेला बर्फ.

भाऊजी आले, उजवा पाय आडवा केला, आणि दाबला.

माझ्या खिडकीशी एक माणूस केव्हापासून बूट मागत उभा होता. मी त्याला दोन्ही डाव्या पायाचे दिले. भाऊजी रेघेवर एकटे उभे होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि कोचबाई त्यांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी सांगत होती. कठड्याला टेकून भिंगरी रडत होती. हेल्मेटच्या जाळीतून हात आत जात नाही, म्हणून डोळे पुसता येत नव्हते, आणि हेल्मेट काढायचं तिला सुचत नव्हतं.